आजच्या थंडीचं नाव

मागच्या उन्हाळ्यात शहरातून एक बाई आल्या होत्या, वही घेऊन. आमच्या भाषेत थंडीला किती शब्द आहेत ते त्यांना गोळा करायचं होतं. तीन दिवस राहिल्या. त्यांनी आमचं लोणी भरपूर खाल्लं आणि आमच्या डासांनी त्यांना भरपूर खाल्लं. मी एकेक शब्द सांगत गेले आणि त्या प्रत्येकापुढे रकाना आखून विचारत गेल्या, म्हणजे उणे किती? मी म्हटलं, बाई, आकड्यानं भागत असतं तर नाव कशाला ठेवलं असतं? त्या हसल्या आणि रकाना मोकळा ठेवला. माणसं चांगली असतात, पण वही हातात आली की त्यांना ऐकू येईनासं होतं.

नाव म्हणजे आकडा नव्हे. नाव म्हणजे आज काय करायचं आणि काय करायचं नाही. गारवा म्हटलं की तळ्यावर पहिली साय धरलेली असते, तेव्हा जाळी काढून घ्यायची. हिव पडलं की गाई आत. गारठा पोरांना खेळायला चांगला, फक्त तोंड मिटून खेळायचं. चावरी आली की कुऱ्हाडीच्या पात्याला उघडा हात लावायचा नाही, कातडं तिथंच राहतं. तिच्या पुढची ठिसूळ. ठिसूळ थंडीत लाकूड एका घावात दुभंगतं, पण लोखंडाचा भरवसा नसतो. अशा दिवशी माणसानं बाहेर जावं, मात्र घोडा चालवावा, पळवू नये, आणि उजेड आहे तोवर परत यावं. त्याच्याही पुढे गेली की ती कुजबुजी. आपलाच श्वास गोठून कानापाशी सळसळत खाली पडतो, तेव्हा एकट्यानं कुठंही जायचं नाही. आणि सगळ्यांत शेवटी मुकी. धुकं जागच्या जागी उभं राहतं, कुत्रं भुंकत नाही, धूर वर जाऊन तिथंच आडवा होतो. मुकी असली की सरपणाच्या ढिगापलीकडे कुणीही पाऊल टाकायचं नाही. गोठा, सरपण, पाण्यासाठी बर्फाच्या लाद्या, बस.

मधली बारीकसारीक धरून एकोणीस नावं होतात. ही आमच्या घरची. नदीपलीकडच्या घरांत थोडी इकडची तिकडे असतील.

रोज सकाळी थंडीचं नाव सांगायचं काम घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाचं. आमच्याकडे ते बाबांचं होतं. माझे बाबा हाबिरिस, साठ वर्षं घोडे राखलेला माणूस. उठल्यावर आधी चुलीतल्या विस्तवाला लोण्याचा तुकडा द्यायचे आणि टोपी न घालता बाहेर जायचे. दारापुढे उभं राहून आधी एक गाल पुढे करायचे, मग दुसरा. चिमूटभर बर्फ बोटांत चोळायचे. थुंकायचे, ऐकायचे. आत आले की कुणी बोलायचं नाही. ते हातमोजे काढणार, दूध घातलेल्या चहाचा एक घोट घेणार आणि एकच शब्द म्हणणार. त्या शब्दावर घराचा दिवस चालायचा. कोण कुठं जाणार, किती लाकूड फोडायचं, घोड्यांना गवत आज की उद्या, सगळं त्या शब्दात आलं.

तसा दाराच्या चौकटीला एक तापमापक होता, आत लाल दारू असलेला. सरकारी शेताच्या पशुवैद्यानं तो ठोकून दिला होता. बाबा त्याला दारुड्या म्हणायचे. पोटात दारू असलेल्याचं मी सकाळी सकाळी ऐकत नाही, म्हणायचे. त्यांचं खोटं नव्हतं. आमचं घर टेकाडावर आणि घोड्यांचं कुरण खाली खोलगट जागेत. थंडी तिथं उतरून साचून राहते. वर जे दिसतं त्याहून खाली पाच-सात अंश कमीच. दारुड्याला खालचं काय कळणार? बाबांना वर उभं राहून खालचं कळायचं.

सरकारी शेत मोडलं आणि घरटी घोडे वाटले, त्याच्या पुढच्या हिवाळ्याची ही गोष्ट. आमच्या वाट्याला नऊ घोड्या आणि एक घोडा आला होता. घरात आम्ही चौघं. बाबा, मी, माझा धाकटा भाऊ मिचिल आणि त्याची बायको साय्यारा. तिला पाचवा महिना लागला होता. मी शहरात अकरा वर्षं पावाच्या कारखान्यात काढून परत आले होते. नवऱ्यानं दुसरी केली, मग तिथं राहून काय करायचं? मला तोंड फार, असं तो म्हणायचा. तेवढं एक त्याचं खरं होतं.

त्या वर्षी माझ्या लक्षात आलं की बाबांना कळेनासं झालंय. साठ हिवाळे रोज थंडीपुढे केलेले ते गाल काळे पडून जुन्या चामड्यासारखे झाले होते. कानांच्या पाळ्या कधीच गळून गेल्या होत्या. एकदा उकळता चहा त्यांच्या बोटांवर सांडला, तर साय्यारा ओरडल्यावर त्यांनी खाली पाहिलं. डिसेंबरात एका सकाळी ते चावरी म्हणाले, आणि मी बाहेर गेले तर माझा श्वास कानाशी सळसळत होता. मिचिल त्या दिवशी पांढरं नाक घेऊन परत आला. कोपऱ्यात बसून नाक चोळत राहिला. असं आणखी दोन-तीनदा झालं. आम्हा तिघांना कळत होतं आणि तिघंही एकमेकांपासून लपवत होतो. आमच्याकडे बापाच्या तोंडावर तुम्हाला आता कळत नाही म्हणणं म्हणजे त्याला जिवंतपणी पुरणं.

मी म्हणाले. जानेवारी लागला होता. बाबा आत आले, घोट घेतला आणि म्हणाले, ठिसूळ. मी नुकतीच बर्फाची लादी घेऊन आत आले होते, माझ्या पापण्या एकमेकींना चिकटत होत्या.

"ठिसूळ नाही, कुजबुजी आहे," मी म्हटलं. "बाबा, तुमचे गाल मेलेत. त्यांना विचारून काय उपयोग?"

त्यांनी कप खाली ठेवला. चुलीमागच्या फळीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. बाहेर गेले नाहीत, नाव सांगितलं नाही. मला वाटलं, ठीक आहे, मोठी मी आहे, मी सांगेन. मला मिचिलपेक्षा नावं चांगली येत होती. तो जन्मायच्या आधी बाबांनी मला दारापुढे उभं करून करून शिकवली होती. तिसऱ्या दिवशी मी टोपी काढून बाहेर गेले, आत आले आणि नाव सांगितलं. साय्यारा कणीक मळत होती, ती मळतच राहिली. मिचिल दाराजवळ उभा होता, तो उभाच राहिला. माझ्या तोंडून ते नाव म्हणजे नुसती हवेची बातमी झाली होती.

मग मिचिलच बाबांच्या पायाशी जाऊन बसला. काय बोलला कोण जाणे, दोन तास हळू आवाजात बोलत होता. शेवटी बाबा उठले आणि मटणाचा रस्सा प्यायले. संध्याकाळी मी धार काढत होते, तर मिचिल गोठ्यात आला.

"ताई, तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. "मलाही माहीत आहे. पण पुन्हा बोलू नकोस."

"आणि तुझं नाक गळून पडलं म्हणजे?"

"नाक माझं आहे. ते भिंतीकडे तोंड करून मेले तर मी कुठं जाऊ? शपथ घे. या हिवाळ्यापुरती."

मी शपथ घेतली. पण खरं सांगायचं तर मला त्याची दया आली नाही, मला राग आला. नावं मला येतात, नाक तुझं जातं, आणि गप्प मी बसू? मनात म्हटलं, बसते गप्प. भोगा.

त्यानंतर चौथा दिवस. आमच्याकडे हिवाळा म्हणजे बैल, जानेवारी सरताना त्याचं एकेक शिंग मोडायला लागतं आणि थंडी उतरते. पहिलं शिंग मोडायला अजून दोन आठवडे होते, म्हणजे ऐन थंडी. मी बाबांच्या आधी उठून बर्फ आणायला बाहेर पडले. कुत्रं दाराशीच वेटोळं करून पडलं होतं, त्यानं मान वर केली नाही. धुकं हललं नाही. माझ्याच पावलांचा आवाज मला कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटत होता. दारुड्या सत्तावन्नावर गेला होता, म्हणजे खाली कुरणात साठाच्या पलीकडे. पण मला दारुड्याची गरज नव्हती. आयुष्यात सात-आठ वेळा ती भेटली होती मला, ओळखायला चुकणार नव्हते. मुकी होती.

बाबा बाहेर गेले. त्या दिवशी बराच वेळ उभे होते. आत आले, हातमोजे काढले, घोट घेतला.

"ठिसूळ," ते म्हणाले.

साय्यारा माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मिचिल बूट चढवायला लागला होता. त्या वर्षी पहिल्या बर्फावर पाऊस पडून वर कडक कवच धरलं होतं, घोड्यांना खुरांनी उकरून गवत मिळत नव्हतं. दर तिसऱ्या दिवशी घोडीला घसरगाडी जोडून खाली गवत न्यावं लागायचं आणि तो तिसरा दिवस होता. मुकी म्हटलं असतं तर घोड्या एक दिवस थांबल्या असत्या. ठिसूळ म्हटल्यावर न जाणं म्हणजे बाबांना पुन्हा भिंतीकडे बसवणं.

त्यानं दार उघडलं. उंबऱ्यात उभा राहिला, एक श्वास घेतला आणि थांबला. त्यालाही कळलं. मी त्याची पाठ बघत होते, ती एकदम ताठ झाली. मग त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हाच कळला होता, नंतर लावलेला नाही. शपथ त्यानंच घातली होती आणि आता ती मी मोडावी म्हणून तो थांबला होता. त्याला स्वतःला बोलता येत नव्हतं. मी सुरी घेतली आणि गोठलेला मासा खरवडायला लागले.

"ताई, आज जीभ गोठली वाटतं तुझी," तो म्हणाला. "घर केवढं उबदार झालंय."

आणि दार लावून गेला.

दुपारी तीनला उजेड जातो. त्याच्या आधी थोडा वेळ घोडी एकटी परत आली. जू तिच्या मानेवर होतं, मागे घसरगाडी नव्हती. नाकपुड्यांशी रक्त गोठलं होतं, म्हणजे ती पळत आली होती. साय्यारा तिच्या मानेला धरून उभी राहिली. बाबा म्हणाले, गाडीचं काही मोडलं असेल, येईल चालत. त्यांच्या मते दिवस ठिसूळ होता आणि ठिसूळ थंडीत तेवढं चालता येतं.

मी घरापाशी ठेवलेली दुसरी घोडी घेऊन निघाले. अशा थंडीत घोडी पळवता येत नाही. पळवली तर तिची छाती फाटते आणि मग दोघंही गेले. म्हणून मी तिचा लगाम धरून चालत राहिले. भाऊ खाली पडलाय हे माहीत असून एकेक पाऊल चालत राहायचं. ते चालणं मला आजही चालावं लागतं.

तो अर्ध्या वाटेवर, उतार संपतो तिथं सापडला. घसरगाडीची लोखंडी पट्टी मधोमध तुटली होती. त्यानं ती दोरीनं बांधायचा प्रयत्न केला होता. दोरीची गाठ हातमोजे घालून बसत नाही, तेव्हा ते काढले असणार. घाम आला असणार. मग घोडी सोडून दिली असणार, आम्हाला कळावं म्हणून. गवताला टेकून बसला होता. अंगावरचा केसाळ कोट काढून शेजारी ठेवला होता, घडी घालून. शेवटी शेवटी थंडीच ऊब वाटायला लागते, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. माझ्या भावाला तिथं बरं वाटत होतं. हे मी स्वतःला सांगते तेव्हा मला स्वतःचीच शिसारी येते.

त्याला घोडीवर आडवा घालून आणला. माझ्या पायाची दोन बोटं त्या दिवशी गेली. तो हिशेब फार स्वस्तात सुटला.

जमीन दगडासारखी होती. खड्ड्याच्या जागेवर तीन दिवस जाळ करावा लागला. जाळ करायचा, विझला की वीतभर खणायचं, पुन्हा जाळ करायचा. नदीपलीकडून माणसं आली होती, तीच खणत होती. मिचिल तोवर कोठीत होता. साय्यारा दिवसातून दोनदा कोठीत जाऊन येत होती. रडली असेल तर तिथं रडली असेल, घरात नाही.

पहिल्याच संध्याकाळी बाबांनी मला जवळ बोलावलं. माझे पाय साय्यारानं नुकतेच चरबी लावून बांधले होते, ती तिथंच बसली होती.

"त्या सकाळी तू माझ्या आधी बाहेर गेली होतीस," बाबा म्हणाले. "काय होती ती?"

मी म्हटलं, "ठिसूळच होती, बाबा. दुपारून फिरली."

त्यांनी मान हलवली. "दुपारून फिरते कधीकधी," ते म्हणाले. "माझ्या बापाच्या वेळी एकदा फिरली होती."

मला वाटलं, मी चांगलं केलं. एक गेला होता, दुसरा माझ्या शब्दानं जायला नको. पण त्या खोट्यात माझीही सुटका होती हे मला माहीत होतं. दुपारून फिरली म्हटलं की कुणाचाच दोष राहत नाही.

मिचिलला मातीत ठेवल्यावर माणसं परत गेली. दुसऱ्या दिवशी बाबा उठले, विस्तवाला लोणी दिलं आणि टोपी न घालता बाहेर गेले. मला वाटलं नव्हतं ते पुन्हा जातील. मी फळीवर पडून होते. पायांवर उभं राहता येत नव्हतं, पण मला बाहेर जायची गरज नव्हती. दार उघडलं तेव्हा आत आलेलं धुकं जमिनीवर सरपटत चुलीपर्यंत गेलं आणि बाहेर काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

बाबा आत आले. हातमोजे काढले. घोट घेतला.

"ठिसूळ," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात पूर्वीचा जोर आला होता. माझ्या खोट्यानं तो आणला होता.

साय्यारा उठली. खुंटीवरून मिचिलचे हातमोजे काढले. आता पोट दिसायला लागलं होतं तिचं, त्यावरून कोट नीट मिटत नव्हता, तर वरून शाल बांधली.

बाबांनी विचारलं, कुठं?

"घोड्यांना आठवडा झाला गवत नाही," ती म्हणाली. "ताईंचे पाय असे. मी जाऊन येते. ठिसूळच आहे ना? दुपारून फिरायच्या आत येईन परत."

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं. मी सांगितलं होतं म्हणून.

"मुकी आहे," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. साय्यारानं एक मोजा चढवला होता, दुसरा हातात होता.

"मुकी आहे, बाबा. त्या दिवशीही सकाळपासून मुकीच होती. मला माहीत होतं."

बाबांनी दोन्ही तळहात गालांवर ठेवले. दाबून पाहिले, मग बोटांनी चाचपले, वर कपाळापासून खाली हनुवटीपर्यंत. मग हात खाली घेतले. मी त्यांच्याकडून शिव्यांची वाट बघत होते. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

विचारलं ते साय्यारानं. फळीजवळ येऊन उभी राहिली.

"ते दारातून मागं वळून तुमच्याकडे बघत होते," ती म्हणाली. "मी पाहिलंय. तेव्हा का नाही बोललात?"

शपथ घातली होती, असं मला म्हणता आलं असतं. ते खोटंही झालं नसतं. बाबांसाठी गप्प बसले, असंही म्हणता आलं असतं आणि बाबांनी ते खरं मानलं असतं.

"रागानं," मी म्हटलं.

ती मोजा काढायची विसरली. तशीच उभी राहिली, माझ्याकडे बघत, आणि बाबा तिच्याकडे बघत. पलीकडे गाई हंबरायला लागल्या, धारेची वेळ टळून गेली होती. मग तिनं शाल सोडली, कोट काढला आणि बादली घेऊन गोठ्यात गेली.